आमच्या गिरणगावचे फोटो

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या भागाचा इतिहास यावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हे शिकल्यासवरल्यांचे काम आहे, असे मी अध्यक्षीणबाईंना म्हणूनही पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जुन्या फोटोंची पेटी आहे ना? मग फोटोंवरूनच लिहा. आणि नुसत्या तुमच्याच नको, साऱ्या चाळीच्या पेट्या उघडा." आपली चाळ आज ना उद्या पडणार, नवी इमारत उभी राहणार, त्याआधी एक आल्बम करून ठेवावा असा त्यांचा विचार होता. म्हणून पावसाळा संपल्यापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही चौघीजणी कापडी पिशवी घेऊन खोलीखोलीतून हिंडलो. चहा इतका झाला की दुसऱ्या गुरुवारपासून आधीच "चहा नको" असे सांगून आत शिरू लागलो.

फोटो पुष्कळ मिळाले. लग्नाचे, बारशाचे, हळदीकुंकवाचे, गणपतीचे, शाळेच्या निरोपसमारंभाचे. मुलगी दाखविण्यासाठी काढलेले, हातात प्लॅस्टिकचे फूल दिलेले फोटो तर घरटी एक. पण सारे फोटो सतरंजीवर मांडून बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या गिरण्यांसाठी आपले आजेसासरे-सासरे कोकणातून आणि घाटावरून येथे आले, त्या गिरणीच्या आतला फोटो एकाही घरात निघाला नाही. रोजच्या घराचाही नाही. चूल, मोरी, माळा, नळावरची रांग, गॅलरीत वाळत घातलेले पापड, यातले काही नाही. जणू आपण सारे जन्मभर नटूनथटूनच बसलो होतो!

असे का झाले असेल याचा मी थोडा शोध घेतला. वाचनालयातील बाईंनी पुस्तके काढून दिली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून ऐकून लिहिलेला इतिहास २००४ साली इंग्रजीत निघाला. त्याचे 'कथा मुंबईच्या गिरणगावची' हे मराठी पुस्तक प्रत्येकीने एकदा तरी वाचावे असे आहे.

मुंबईत पहिली कापडाची गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी उभी केली ती १८५४ साली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. आणि योगायोग असा की, फोटोग्राफीची हौस असणाऱ्या मंडळींची मुंबईतील पहिली संस्था, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी, हीदेखील १८५४ सालीच निघाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसेही तीत होती. म्हणजे गिरणी आणि कॅमेरा या दोघी मुंबईत एकाच वयाच्या बहिणी. पण बहिणींचे येणेजाणे फारसे झाले नाही. कॅमेरा रमला तो किल्ल्यातील इमारती, बंदर, लेणी आणि बड्या घरची माणसे यांत. गिरणीचा फोटो निघाला तरी तो बाहेरून. उंच चिमणी, लांबच लांब भिंत, आणि माणसे असली तर मुंगीएवढी.

गरिबांच्या घरांपुढे कॅमेरा आला तो प्लेगच्या दिवसांत. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्या वेळचे सरकारी कामाचे फोटो छापलेले आहेत, ते मी पाहिले. रस्त्यात बंब उभा आहे आणि त्याच्या पाण्याने घरे धुतली जात आहेत. साहेब आणि शिपाई तपासणीला आले आहेत. दारात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून मला वाटले, यांना कोणी विचारले असेल का, की बाबांनो, तुमचा फोटो काढू का? घरात आजारी माणूस, बाहेर शिपाई, आणि अशा वेळी निघालेला आयुष्यातील पहिला आणि शेवटचा फोटो. नावे अर्थातच साहेबांची.

पुढे वस्ती वाढली तशा सरकारने आणि इंप्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि खोली १६० चौरस फुटांची. खोलीत फोटो का निघाले नाहीत याचे एक कारण या आकड्यातच आहे. चाळीत वाढलेल्या एका वृद्ध फोटोग्राफरांनी मला ते समजावून सांगितले. फोटो काढायला मागे सरकावे लागते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मागे सरकले की पाठ भिंतीला लागते. उजेड तर गॅलरीच्या दारातून येईल तेवढाच. त्या काळच्या कॅमेऱ्याला तो पुरत नसे. म्हणून बारशाचेसुद्धा फोटो गच्चीवर नाहीतर मैदानात. बाकी सारे स्टुडिओत, मागे रंगवलेल्या बागेच्या पडद्यासमोर. कोकणातून आलेला गडी पहिल्या पगारात स्टुडिओत जाई, मनगटावर कोणाचे तरी घड्याळ बांधून बसे आणि तो फोटो मनीऑर्डरीच्या मागोमाग गावी जाई. आई तो देव्हाऱ्याशेजारी लावी. मुलगा तिकडे साचेखात्यात कापसाची धूळ गिळतो आहे हे त्या फोटोत कोठून दिसणार?

गिरणीच्या आत तर फाटकावरच अडवत. बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. विणाईच्या खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, त्रासनखात्यात कापूस उडत असलेला. छप्पर करवतीच्या दातांसारखे, त्यात एका बाजूला काचा. काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड पडावा पण ऊन पडू नये. माझे वडील साचेखात्यात होते. तेथे इतका आवाज असे की माणसे एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. वडील घरीही मोठ्यानेच बोलत आणि शेजारी म्हणत, आज भांडण झाले वाटते!

आता आपल्या बायकांविषयी. पुष्कळ तरुण मुलींना हे ठाऊकच नाही की विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायका होत्या. त्या मुख्यतः कांडीखात्यात आणि रिळावर काम करीत. त्यांच्यावर नायकीण असे. तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन कामाला जाणाऱ्या बायकांविषयी मी वाचले तेव्हा दोन दिवस जेवण गेले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणीकामगारांची मोठी सभा भरविली. त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या अशी नोंद आहे. दहा हजार माणसांसमोर, १८९० साली! त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुटी मंजूर झाली. आज आपण रविवारी दुपारी डोळे मिटून पडतो त्यात त्या दोघींचा वाटा आहे. त्यांचे चेहरे मी पुष्कळ शोधले, कोठे पाहायला मिळाले नाहीत.

पुढे बायका कमी होत गेल्या. रात्रपाळीला बायकांना बंदी होती. नव्या यंत्रांनी कांडीखात्यातील माणसे कमी केली. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तेव्हा बाईला ठेवणे मालकाला महाग वाटू लागले. कायदा बायकांच्या भल्याचा होता, पण मालकाने त्याचा हिशेब आपल्या वहीत मांडला. आपल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरील आजींच्या सासूबाई कांडीखात्यात होत्या. आजींना त्यांचे सगळे आठवते, कोणत्या बोटाला सुताचा घट्टा पडला होता तेसुद्धा. फोटो नाही.

गिरणीतून बायका बाहेर पडल्या म्हणजे काम संपले असे नाही. गिरणगावातील निम्मे पुरुष एकटे, गाळ्यात राहणारे. त्यांना जेवू कोण घालणार? खानावळवाली. माझी आई बावीस माणसांचा डबा करी. पहाटे तीनला उठून भाकऱ्या, पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत, मग दुसरी पाळी, मग रात्रपाळीवाले. पैसे महिन्याच्या पगाराला, आणि तोवर वाण्याची उधारी व्याजाने. या व्याजाच्या फासातून खानावळवाल्यांना सोडविण्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकेने कधी दारात उभे केले नव्हते अशा बायकांना तिचे कर्ज मिळवून दिले. प्रेमाताई मूळच्या गोवामुक्तीच्या लढ्यातील. पुढे २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपले मंडळ लहान, पण त्याच वाटेवरचे, असे म्हणायला हरकत नाही.

तर त्या खानावळीचा एक फोटो आमच्या पेटीत आहे. सत्यनारायणाची पूजा झाली त्या दिवशीचा. गाळ्यातील बारा-तेरा पुरुष ओळीने बसले आहेत, कपाळाला गंध, सगळे हसताहेत. फोटोच्या उजव्या कडेला एक हात दिसतो. हातात वाढपाची पळी, मनगटाला हिरव्या बांगड्या. तो हात आईचा आहे. फोटोवाल्याने त्या फोटोत बाकी सगळे नीट बसविले, फक्त स्वयंपाक केला तीच बाहेर राहिली. मी हा फोटो मंडळात दाखविला तेव्हा कोणी काही बोलले नाही, आणि मग एकेकीने सांगायला सुरुवात केली की आमच्याही घरी असाच एक आहे.

बायकांनी कॅमेरा हातात घेतला नाही असेही नाही. होमाई व्यारावाला या वर्तमानपत्रासाठी फोटो काढणाऱ्या भारतातील पहिल्या बाई. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईत, जे. जे. मध्ये. त्यांचे सुरुवातीचे फोटो मुंबईच्याच पत्रांत आले, पण त्यांच्या यजमानांच्या नावाने छापले गेले, कारण बाईच्या नावाला कोण ओळखणार! पुढे त्या दिल्लीला गेल्या आणि नेहरूंपासून साऱ्यांचे फोटो त्यांनी काढले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आमच्याकडे मात्र कॅमेरा असलाच तर तो मामांच्या गळ्यात.

वर्तमानपत्रांत आपल्या भागाचे फोटो येऊ लागले ते मोर्चांमुळे. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. ते फोटो पाहून आजही अंगात जोर येतो. एरवी स्वयंपाकघराबाहेर न पडणारे लाटणे तेवढे एकदा पेपरात झळकले.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मी तेव्हा तीन वर्षांची. या संपाचे फोटो पुष्कळ आहेत. मैदानात माणसांचा समुद्र, उंचावलेल्या मुठी, बंद फाटके, बंदोबस्ताचे पोलीस. पण संप मैदानात जितका झाला तितकाच घरात झाला, आणि घरातला कोणी टिपला नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाळेकरी गावी गेले. आईच्या बावीस डब्यांचे चार डबे झाले. गेलेल्यांकडे थकलेले पैसे गेलेच. पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. आधी हंडा, मग परात, शेवटी आईच्या माहेरचा तांब्या. त्या मोकळ्या झालेल्या फळीचा फोटो कोणी काढला असता, तर मला वाटते, मोर्च्याच्या फोटोइतकाच तो संपाचा फोटो झाला असता. संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही. पुढे आईने धुण्याभांड्यांची कामे धरली, आणि सातवीनंतर घर सांभाळायला मी. आईला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आल्बममध्ये त्या वर्षांचे पान कोरे का, हे कळावे म्हणून लिहिले.

गिरण्या बंद पडत गेल्या, आणि मग गोष्ट कापडाची राहिली नाही, जमिनीची झाली. सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या मध्यावर. १९९१ च्या नियमात असे होते की विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला, आणि हा हिशेब फक्त गिरणीच्या आवारातील मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरता राहिला. ज्या आवारात भिंतीला भिंत लागून शेड उभ्या, तेथे मोकळी जागा ती किती निघणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली तो बदल कायम राहिला. हे समजायला मला तीन वेळा वाचावे लागले, पण दुपारी गॅलरीत उभे राहिले की समोर जे उंच काचेचे मनोरे दिसतात त्यांचे मूळ या दोन ओळींत आहे.

हे मुंबईपुरतेच नाही. आपल्या मंडळातील एक सूनबाई सोलापूरच्या. त्यांच्या गावची जुनी गिरणी १८७७ ची, ती १९६३ मध्येच बंद झाली. आणि परदेशातही तेच. माझी मुलगी चित्रकलेच्या वर्गाला जाते, तिने मला एक पुस्तक दाखविले. जर्मनीत रूर म्हणून कोळसा-लोखंडाचा मुलूख आहे. तेथील खाणी आणि भट्ट्या बंद पडू लागल्या तेव्हा बर्न्ड आणि हिला बेखर या नवराबायकोने १९५९ पासून त्यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. लहान मुलाला बरोबर घेऊन, गाडीतून गावोगाव हिंडत. खाणीवरचे लोखंडी मनोरे, पाण्याच्या टाक्या, कामगारांची लाकडी चौकटींची घरे. एकच कोन, मागे राखी आभाळ. हिलाबाई २०१५ साली वारल्या. फोटो पाहताना हाताला गारवा लागतो इतके स्वच्छ आहेत. पण त्यांत माणूस नाही. त्यांनी तो मुद्दाम ठेवला नाही, म्हणजे वस्तू नीट दिसावी. त्यांचे बरोबरच असेल. मात्र मला त्या प्रत्येक घराच्या खिडकीत कोणीतरी डोकावेल असे वाटत राहिले. चिमण्यांचे फोटो आपल्याकडेही हौशी मंडळी काढतात, ते काढोत. आपल्याला खिडकीतली बाई हवी आहे.

हौशी मंडळींवरून आठवले. काही वर्षांपूर्वी बाहेरची दोन मुले मोठे कॅमेरे घेऊन चाळीत आली. गोड बोलली, जिन्याचे, कठड्याचे फोटो काढले. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी नळावर बसल्या होत्या, त्यांचाही काढला. पुढे कोणी सांगितले की तो फोटो एका प्रदर्शनात लागला होता, खाली काहीतरी 'जुन्या मुंबईचे जीवन' असे लिहिलेले. मावशींना नाव विचारले नव्हते, की प्रत दिली नव्हती. मावशी अजून म्हणतात, "मला सांगितलं असतं तर मी लुगडं तरी बदललं असतं ग." प्लेगच्या फोटोंतील ती दारातली माणसे मला पुन्हा आठवली. त्या मुलांच्या मनात वाईट नसेल. पण सव्वाशे वर्षांत एवढे तरी बदलायला हवे होते.

फोटोची किंमत काय असते हे आमच्या घराला एकदा निराळ्या रीतीने कळले. गिरणीकामगारांसाठी घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज भरताना गिरणीत होतो याचा पुरावा हवा. वडील तोवर गेले होते. पेटी उपसली तेव्हा तळाशी त्यांचा पास सापडला. टपालाच्या तिकिटाएवढा फोटो, गालावरून गेलेला अर्धा शिक्का, खाली तिकीट नंबर. गिरणीशी नाते सांगणारा वडिलांचा तेवढा एकच फोटो. आई तो हातात घेऊन म्हणाली, "बघ, घाबरलेत किती." नोकरीचा पहिला दिवस असणार. कितीतरी घरांतून असे पास संपाच्या रागात नाहीतर साफसफाईत फेकून दिले गेले, ते पुढे मिळाले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. आपलीही पाळी येईल. नवे घर मोठे असेल, संडास घरात असेल, नळ घरात असेल. मला त्यात आनंदच आहे. जुन्या जिन्यावरून बादल्या वाहून ज्यांचे गुडघे गेले त्यांना जुन्याचे गोडवे गायला सांगू नये. पण सामान बांधताना पहिली फेकली जाते ती कागदांची पेटी.

म्हणून आम्ही चौघींनी आता मोबाईलवर रोजचे फोटो घ्यायला सुरुवात केली आहे. आधी विचारतो, नाही म्हटले तर नाही. एक प्रत कागदावर काढून त्या घरी देतो, कारण फोन बिघडला की सगळेच जाते. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने नाव, खोली नंबर आणि तारीख लिहितो. बॉलपेनने लिहिले की दाबाने पुढे वळ उठतो. चिकट पानांच्या आल्बममध्ये जुने फोटो ठेवू नका, ते पानाला कायमचे धरतात. साध्या कागदाच्या पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळा संपला की दोन दिवस सावलीत वारा दाखवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. मागे नाव नसलेले फोटो आमच्याकडे चाळीस-पन्नास आले आहेत. तिसऱ्या मजल्यावरील आजींनी त्यातले सतरा ओळखून दिले. त्यांचे वय पाहता उरलेल्यांसाठी फार थांबून चालणार नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा नळावरचा फोटो आम्ही पुन्हा काढला. त्यांनी हिरवे लुगडे नेसले होते आणि बादली घासून आणली होती. तो आल्बमच्या पहिल्या पानावर लावला आहे. अजून तीन गोष्टी कमी आहेत: गिरणीच्या आतला कोणताही फोटो, कांडीखात्यातील एखाद्या बाईचा फोटो आणि चालू खानावळीचा फोटो. कोणाच्या गावच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत असेल तर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मंडळाच्या खोलीत आणावा. तुमच्यासमोर त्याची प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत देऊ.